पाचव्या गल्लीतलं लंबवर्तुळ

फेब्रुवारी लागला की आमच्या गिरणीवर दोन वास एकदम येतात. एक ताज्या दळलेल्या ज्वारीचा, कोमट आणि गोडूस. दुसरा शिवाराकडून येतो, हुळ्याचा. ओला हरभरा घाट्यापाल्यासकट जाळावर धरला की जो धूर निघतो, तो वाऱ्यावर बसून थेट गिरणीच्या दारात उतरतो आणि दळण घेऊन आलेला माणूस मध्येच बोलायचा थांबून नाक वर करतो. मला मात्र या दोन वासांत तिसराही एक वास लागतो. शिसपेनीचा, खोडरबरच्या भुग्याचा आणि हिरव्या बारीक चौकटींच्या कोऱ्या आलेखाच्या कागदाचा. परीक्षा जवळ आल्या, हे मला कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं.

यंदा हा वास जरा जास्तच येतोय, कारण माझी भाची मुक्ता शिकायला आमच्याकडं राहते आणि ती अकरावीला आहे. परवा दळणाचा डबा ठेवून तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"मामा, हे बघा. लंबवर्तुळ."

पडद्यावर वर समीकरण होतं: एक्स वर्ग छेद पंचवीस, अधिक वाय वर्ग छेद नऊ, बरोबर एक. खाली निळ्या रेषेचं देखणं, गुबगुबीत, आडवं पसरलेलं लंबवर्तुळ.

"कसं काढलंस?"

"काढलं कुठं? समीकरण टाकलं, ते आलं."

ज्या आकारासाठी मी गाव ओलांडून दुसऱ्याच्या रानात शिरलो, सुभद्राकाकूचा विळा जवळून पाहिला आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत आमच्या गिरणीची फुकट जाहिरात केली, तो आकार या पोरीला नुसता येतो म्हणजे काय! बरं, समीकरणही तेच. पंचवीस आणि नऊ. इतक्या वर्षांत या दोघांचं वय काही वाढलेलं नाही. माझ्याच भुवया पांढऱ्या झाल्यात, आणि त्या पिठानं की वयानं हे मी आरशाला विचारत नाही.

आमच्या वेळी लंबवर्तुळ बारावीला होतं. मी लोहाऱ्याला कॉलेजला जायचो. जीपमध्ये बसायला जागा मिळाली तर पहिल्या तासाला, नाही तर दुसऱ्याला. गणिताला बिराजदार सर होते. आवाज असा, की शेजारच्या वर्गातल्या कला शाखेच्या पोरांनाही शंकुच्छेद पाठ व्हावेत. माझा घरातला करार साधा होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो गिरणीच्या पट्ट्यावर मेण घासता घासता एका वाक्यात सांगून टाकला होता. "गणित निघालं तर लातूर. न्हाय निघालं तर ही गिरणी."

लातूर मी तोवर फक्त अक्काच्या लग्नाच्या बस्त्याला पाहिलं होतं. तेवढ्यात मला ते अतिशय आवडलं होतं. तिथं कॉलेज होतं, होस्टेल होतं, थेटर होतं, आणि मुख्य म्हणजे तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. गावात मी गिरणीवाल्याचा पोरगा. सकाळी तासभर अण्णांना हात लावून जीप पकडायचो, तेव्हा केसांत, भुवयांत, मिशी म्हणून जे काही होतं त्यात, सगळीकडं पीठ. वर्गातल्या मुली मला 'आजोबा' म्हणत. त्यातली एक तर वाकून नमस्कारही करायची. सतराव्या वर्षी एवढा मान माणसाला सोसत नाही. तेव्हा गणित निघणं ही माझ्यासाठी शिक्षणाची बाब नव्हतीच. अब्रूची होती.

आणि पूर्वपरीक्षेत हा प्रश्न आला. पंचवीस, नऊ, बरोबर एक. आलेख काढा.

मी खूश झालो. एक्स म्हणजे आडवं जायचं, वाय म्हणजे उभं जायचं, एवढं मला येत होतं. एक्सच्या खाली पंचवीस आहेत, तेव्हा आडवं पंचवीस जायचं. वायच्या खाली नऊ, तेव्हा उभं नऊ. प्रश्न लिहिणाऱ्यानं उत्तर आधीच देऊन ठेवलंय, असा माझा गोड समज. अडचण एकच होती, कागद पुरेना. डावीकडं दहा घरांपर्यंत गेलो की कागद संपे. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं 'आपलं काही चुकलं का' असा विचार केला असता. मी हात वर करून पुरवणी मागितली. मग आणखी एक. पर्यवेक्षक माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी कागदाला कागद लावला, दोऱ्यानं शिवला, आणि बाकावर न मावणारं ते प्रकरण मांडीवर घेऊन पूर्ण केलं. दोन्ही टोकं छान अणकुचीदार काढली. घंटा झाली तेव्हा मला वाटलं, लातूरची गाडी लागली.

पेपर वाटायच्या दिवशी सरांनी माझी उत्तरपत्रिका वाटली नाही. दोन पोरांना पुढं बोलावलं आणि तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. पोरं एकमेकांपासून मागं मागं सरत गेली, आणि माझं लंबवर्तुळ फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडलं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

वर्ग आधीच हसायला लागला होता.

"निवडणुकीचा बॅनर आहे का? आणि ही टोकं? ही तर करंजी आहे. सारण कुठाय रे हिचं?"

'आजोबा' म्हणणारी मुलगी बाकावर डोकं ठेवून हसत होती. मी उभा राहिलो. "सर, चुकलं कुठं?"

"ते मी सांगणार नाही. सांगितलं की तू लिहून घेशील आणि विसरशील." सर जवळ आले, आणि त्यांचा आवाज एकदम नेहमीच्या माणसाचा झाला. "तू पुनर्वसनाच्या गावातला ना?"

"हो."

"मग तुला कागद शिवायची काय गरज? तुम्ही राहताच आलेखाच्या कागदावर. रविवारी गावात काढ आणि सोमवारी मला सांग, तुझं लंबवर्तुळ कुणाकुणाच्या दारावरून गेलं."

सास्तूरच्या आजूबाजूची आमची गावं भूकंपानंतर नव्यानं वसली. मी तेव्हा रांगत होतो. त्यामुळं जुनं गाव मला ठाऊक नाही, नवंच माझं गाव. आणि नवं गाव म्हणजे खरोखर आलेखाचा कागद. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, सारख्या अंतरावर सारखी घरं, प्रत्येक घराभोवती सारखं मोकळं अंगण. बरोबर मधोमध पाण्याची टाकी. आखणाऱ्यांनी पट्टी लावून आखलं, त्यात त्यांचा दोष नाही, घाई होती. पण सुरुवातीला म्हाताऱ्या माणसांना आपलं घर सापडायचं नाही. एकदा मुलगी बघायला आलेली पाहुणेमंडळी चुकून पुढच्या गल्लीत त्याच जागी असलेल्या घरात शिरली, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मुलगी कधी येते म्हणून विचारल्यावर यजमान म्हणाले, "आमाला तिन्ही पोरंच हायती." पोहे मात्र चांगले होते म्हणे.

तर त्या रविवारी सकाळी मी टाकीखाली उभा राहिलो. बरोबर इऱ्या. इऱ्या म्हणजे इरण्णा, माझा मित्र, कला शाखेचा, त्यामुळं गणिताबद्दल त्याला अजिबात वैर नव्हतं. कबड्डीचं मैदान आखायची अर्धी पिशवी फक्की त्यानं कुठूनशी आणली होती. टाकी म्हणजे शून्य. पूर्व-पश्चिम मोठा रस्ता म्हणजे एक्स. देवळाकडून एस.टी.च्या निवाऱ्याकडं जाणारा रस्ता म्हणजे वाय. एक गल्ली म्हणजे एक. एवढं मी त्याला समजावलं आणि आम्ही पूर्वेला निघालो.

एक. दोन. तीन. चौथ्या गल्लीच्या तोंडाशी इऱ्याचं घर. पाचव्याच्या तोंडाशी आमचं घर आणि गिरणी. अण्णा डब्यांची रांग लावत होते.

"कुठं निघालास रं?"

"पंचवीसला."

"जेवायला ये मग," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

सहा. सात. सातव्या गल्लीपाशी आमचं गाव संपतं. मी थांबलो. समोर बाभळी, मग गाडीवाट, मग रानं. गाव संपलं तरी समीकरण संपेना. इऱ्यानं विचारलं, "आता रं?" आणि इथं, वाचकहो, शहाण्या माणसानं परतायला हवं होतं. पण पूर्वपरीक्षेत कागद संपला तेव्हा जो थांबला नाही, तो गाव संपलं म्हणून थोडाच थांबणार! मी म्हणालो, गल्ल्या नाहीत तर नाहीत, आपण ढांगा मोजू. एका गल्लीला इऱ्याच्या जितक्या ढांगा लागतात तितक्या धरून आम्ही मोजत निघालो. आठ, नऊ, दहा. वाटेत दोन कुत्री सामील झाली. ओढा लागला तो एक्सच्या रेषेतच ओलांडला, चपला हातात घेऊन, कारण शास्त्रात वळसा चालत नाही. आणि पंचवीस पुरे झाले तेव्हा आम्ही गुडघाभर हरभऱ्यात उभे होतो.

"घाल इथं," मी म्हणालो. इऱ्यानं मूठभर फक्की हरभऱ्यावर घातली. पांढरा ढिगारा छान दिसत होता.

"आरं कोन हाय त्ये? काय टाकायलाव माझ्या रानात?"

सुभद्राकाकू. पदर खोचलेला, हातात विळा. काकू आमच्याच भावकीतल्या, एरवी मायाळू, पण रविवारी सकाळी कुणी आपल्या पिकात पांढरी पूड टाकून पुटपुटताना दिसलं तर माया मागं पडते.

"करणी करायलाव का रं मुडद्यांनो? उभ्या पिकावर?"

"नाही काकू, लंबवर्तुळ आहे."

"कुणाचं?"

"बोर्डाचं."

"मग बोर्डाच्या रानात काढा की! माझं रान घावलं व्हय तुमाला?" मग त्यांनी मला ओळखलं. "तू तर गिरणीवाल्याचा. बापाला सांगू?"

बापाला सांगण्यापेक्षा विळा बरा, असं माझं तोंड झालं असावं. काकूंनी लगेच तडजोड केली. हरभरा उपटू लागा, मग सांगत नाही. ज्यांनी सकाळच्या हरभऱ्यात हात घातलाय त्यांनाच ठाऊक, पानांवरची आंबट ओल, म्हणजे आंब, बोटांच्या चिरांत शिरली की कशी झोंबते. इऱ्या माझ्याकडं असा बघत होता, जसा कला शाखेचा माणूस विज्ञान शाखेकडं कायम बघत आलाय.

उन्हं चढल्यावर काकूंनीच कडेचा ओला हरभरा काढून काटक्यांवर जाळ केला. घाटे तडतडले, पाला जळाला, आम्ही तिघं राखेतून गरम दाणे वेचायला बसलो. काकूंचा राग एव्हाना कुतूहलावर आला होता.

"आता सांग. काय म्हणालास त्ये?"

मी काटकीनं राखेत काढून दाखवलं. ही टाकी. टाकीभोवती असं लांबट गोल. करंजीसारखं, पण करंजी नव्हे.

काकूंनी दाण्यावरची राख फुंकली. "टाकीभवती हाय म्हणतुस. मग गाव सोडून हितं कशाला आलं?"

"समीकरणात पंचवीस आहेत काकू."

"आसतील बाबा," काकू म्हणाल्या आणि पुढचा घाटा सोलायला लागल्या.

इऱ्याला मात्र आता आपल्या झोंबणाऱ्या हातांचा हिशेब हवा होता. "पंचवीसच बरोबर, हे तुला कसं कळलं? घालून बघितलास का?"

घालून बघितलं नव्हतं. खरं सांगतो, समीकरणात काही घालून बघायचं असतं हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. मी ते पत्ता वाचावा तसं वाचत होतो. काळ्या बोटांनी मी राखेत एक्सच्या जागी पंचवीस लिहिले. वर्ग केला, सहाशे पंचवीस. छेद पंचवीस. उरले पंचवीस. आणि बरोबरच्या पलीकडं सर्वांना सारखा असणारा तो बिचारा एक. पंचवीस बरोबर एक? असं कसं? मग मी लहान होत गेलो. दहा घातले, जास्तच. सात घातले, तरी जास्त. सहा, तरी थोडं जास्त. पाच. पाचाचा वर्ग पंचवीस, छेद पंचवीस, एक.

एक!

हुळा तोंडात होता, तो तसाच गिळला. पंचवीस हे अंतर नव्हतंच. तो अंतराचा वर्ग होता. खरं अंतर पाच. आणि उभं नऊ नाही, तीन.

"इऱ्या, पाच! पाचवी गल्ली!"

"पाचवी? म्हणजे तुझी गिरणी?"

मग तो असा हसला की कुत्री उठून उभी राहिली. आम्ही सकाळी बरोबर उत्तरावरून चालत आलो होतो. उत्तर दारात उभं राहून 'कुठं निघालास' म्हणून विचारत होतं आणि मी त्याला 'पंचवीसला' म्हणून पुढं निघालो होतो. ज्या गिरणीपासून पळून मी लातूरला जाणार होतो, तीच माझा शिरोबिंदू निघाली.

काकूंनी ओंजळभर हुळा माझ्या खिशात कोंबला. "जा. आन् ती फक्की उचलून न्ये."

पुढची दुपार मी जन्मभर विसरणार नाही. उत्तरेला तिसऱ्या आडव्या गल्लीत मारुतीचं देऊळ, दक्षिणेला तिसऱ्या गल्लीत एस.टी.चा निवारा, पूर्वेला पाचवर गिरणी, पश्चिमेला पाचवर शाळेचं फाटक. चार ठिपके पडले. पण चार ठिपके जोडले तर पतंग होतो, लंबवर्तुळ होत नाही. मग मी एक्सच्या जागी तीन घातले, वाय आला दोन पूर्णांक चार. एक्सला चार घातले, वाय आला एक पूर्णांक आठ. म्हणजे इऱ्याच्या गल्लीतून वर जायचं आणि दुसरी आडवी गल्ली लागायच्या जरासं अलीकडं थांबायचं. ती जागा नेमकी एका न्हाणीघरामागं निघाली. आत कोणी तरी गात होतं. आम्ही फक्की टाकली आणि पळालो.

ठिपके सगळे पडले, आता जोडायचे. आणि जोडायचं म्हणजे रस्ता सोडायचा, कारण रस्ते सगळे सरळ आणि आमचा आकार वाकडा. अंगणांतून, परसांतून, वाळत घातलेल्या शेवयांना वळसा घालून, कोंबड्या उधळत, बुटक्या भिंतींवरून उड्या मारत आम्ही निघालो. मी पुढं, इऱ्या मागं फक्की सोडत. त्याच्या मागं गल्लीगल्लीतली चिल्लीपिल्ली. कुणी ओरडलं, कुणी पाणी दिलं, एका म्हातारीनं जुनं गाव सोडल्यापासून आपल्या परसातनं कुणी आडवं गेलं नाही म्हणत गुळाचा खडा हातावर ठेवला. कुणीतरी विचारलं, "काय हाय रं ह्ये?" मागची पोरं एका सुरात ओरडली, "लंबवर्तुळ!" त्यांना अर्थ ठाऊक नव्हता. मला तो चालता चालता कळत होता.

आणि गिरणीपाशी आलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तोवर माझ्या डोक्यात अजून करंजीच होती. मला वाटत होतं, गिरणीच्या दारात टोक येणार. पण आम्ही धावत होतो, आणि धावणारा माणूस टोकावर वळू शकत नाही. मी परसातून उतरलो तो पाचव्या गल्लीला खांदा लावून, क्षणभर गल्लीच्याच रेषेत सरळ पळालो, बरोबर दारासमोर, आणि तसाच वाकत पुन्हा आत वळलो. मागं वळून पाहिलं तर फक्कीची रेघ गल्लीला नुसती टेकली होती आणि माघारी फिरली होती. टोक नव्हतंच कुठं. किती गोल, किती लाडिक वळण!

अण्णा दारात आले होते. ते पिठानं पांढरे, मी फक्कीनं पांढरा. दोघं एकमेकांकडं बघत उभे.

"ह्ये आपल्या दारात टेकायचं काय कारण?"

"समीकरणातच तसं आहे अण्णा."

त्यांनी रेघेकडं बघितलं. ती जिथून आली त्या परसाकडं, जिथं गेली त्या परसाकडं. मला वाटलं, पट्टा निघतो आता.

"जुन्या गावात येशीतनं आत आलं की रस्ता आसाच वळायचा," ते म्हणाले. "घर दिसायचं न्हाय. वळलं की एकदम दिसायचं." मग रेघेकडं बोट करून, "ह्या गावात वळण आज बघायलो म्या."

आत गिरणी रिकामीच घरघरत होती. रांगेतल्या एका बाईनं हाक मारली, "अहो, दगडावर दगड घासायलाय, दाणे टाका की!" आणि अण्णा धावले.

सोमवारी सरांनी विचारलं, "कुणाच्या दारावरून गेलं?" मी देऊळ, निवारा, शाळा आणि गिरणी सांगितली, न्हाणीघर गाळलं. सर म्हणाले, "आणि नाभी?" नाभी म्हणजे आतले दोन खास बिंदू. पंचवीसातून नऊ गेले सोळा, त्याचं मूळ चार. म्हणजे त्यातला पूर्वेचा बिंदू चौथ्या गल्लीच्या तोंडाशी, इऱ्याचं घर. इऱ्याला हे सांगितल्यापासून तो मला म्हणायला लागला, "म्या नाभीत ऱ्हातो, तू कडंला."

बोर्डाचा पेपर आला. लंबवर्तुळ होतं, बघून जीव भांड्यात पडला. नीट वाचलं आणि भांडं उपडं झालं. या वेळी एक्सखाली नऊ होते आणि वायखाली पंचवीस. माझं आडवं गाव कुणीतरी उभं केलं होतं! मग मी डोळे मिटले, टाकीखाली जाऊन उभा राहिलो आणि अख्खं गाव हातानं फिरवलं. मारुतीला तीनवरून पाचावर नेलं, गिरणी पाचावरून तीनवर ओढली, शाळा तिच्या समोर, निवारा खाली. मान वाकडी करून मी पुटपुटत होतो, "मारुती पाच, गिरणी तीन." पर्यवेक्षक येऊन म्हणाले, "देवाचं नाव नंतर घे, आधी लिही." मी काढलं. टोक नाही, करंजी नाही, उभं, देखणं. सर सांगायचे तसे बिंदूंजवळ आकडे लिहिले. पेपर दिला, बाहेर आलो, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, आणि आठवलं. आकड्यांच्या शेजारी मी 'गिरणी' आणि 'मारुती' असंही लिहिलं होतं. शिसपेनीनं, बारीक अक्षरात. खोडायचं राहिलं होतं.

आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं, ओळख पटेल असं काहीही लिहू नये.

निकालापर्यंतचा तो उन्हाळा! रोज मला दिसायचं, कुठल्या तरी गावात एक चष्मेवाले परीक्षक माझ्या आलेखावर बोट ठेवून शेजाऱ्याला सांगताहेत, "हा बघा, गिरणीवाला सापडला." पेपर रद्द. लातूर रद्द. मी आपणहूनच गिरणीवर जास्त वेळ बसायला लागलो, पुढच्या आयुष्याचा सराव म्हणून. अण्णांना वाटलं, पोरगं सुधारलं. इऱ्या धीर द्यायचा, "मारुती लिवलायस ना? मग काय हुत न्हाय."

काही झालं नाही. गणित निघालं, पोटापुरते गुण घेऊन निघालं. अण्णांनी रांगेतल्या प्रत्येकाच्या डब्यावर पेढा ठेवला, पिठाचं बोट लागलेला. त्या अनोळखी परीक्षकाचा चेहरा मी कधी पाहणार नाही, पण मला पक्कं वाटतं, तो त्या दिवशी हसला असणार आणि हसऱ्या हातानं गुण दिले असणार.

लातूर झालं. मग पुण्यात एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले, तिथं लंबवर्तुळं संगणक काढायचा. मग अण्णांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी आलो, थोडे महिने म्हणून. ते थोडे महिने अजून चालू आहेत. आता पिठाच्या भुवया मला शोभतात, आणि 'आजोबा' म्हणणारीचा मुलगा दळण घेऊन येतो तेव्हा मला सरळ काका म्हणतो. फक्की पहिल्याच वळवात धुऊन गेली. पण त्या दिवशीची चिल्लीपिल्ली त्या वळणानं शाळेला जायला लागली, त्यांच्या मागं शेळ्या, शेळ्यांमागं बाया. आमच्या काटकोनी गावात आज एकच वाकडी पायवाट आहे. गिरणीच्या दारात ती गल्लीला टेकते आणि वळते.

तर परवा मुक्ता म्हणाली, "मामा, पण परीक्षेत हातानं काढावं लागतं." तेवढ्यात लाइट गेली आणि गिरणी थांबली. तिनं डब्याच्या झाकणावर कागद ठेवून काढायला घेतलं. पाच, तीन, सगळं बरोबर. पण टोकं? करंजी! रक्त आमचंच.

ओट्यावरून अण्णा म्हणाले, "आगं, हितं त्याचं टोक हाय, दारात. म्या बघितलंय."

"टोक नसतं आजोबा, वळण असतं," मुक्ता म्हणाली. मोबाईलनं तिला एवढं शिकवलं होतं, हाताला नाही.

"तेच म्हणायलो की म्या."

मी तिला दारात नेलं. पायवाट दाखवली. ती चप्पल काढून त्या वाटेनं एकदा धावून आली, परसातून, गल्लीला खांदा लावून, वळून. परत येऊन तिनं खोडरबर घेतलं आणि करंजीची दोन्ही टोकं पुसली. शिसपेन गल्लीला नुसती टेकवली आणि फिरवली. सुरेख आलं. मग पाचाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. 'गिरणी.'

"खोडू का मामा?"

"पेपरात खोड," मी म्हणालो. "इथं राहू दे."

आणि लाइट आली.